टेंभुर्णीला पाठवलेला डबा

वाचायला बसलाच आहात तर आधीच सांगून ठेवते. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिचं वाटोळं झालं तिला तर नाहीच. कितीदा ओठापर्यंत आलं — आणि प्रत्येक वेळी मी भलतंच काहीतरी बोलले. भाकरी करपतेय म्हणाले. म्हैस ओरडतेय म्हणाले. आज लिहिते आहे, कारण कागदाला तोंड नसतं आणि लिहिताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. याला काही धाडस म्हणत नाहीत, मला माहीत आहे.

मी धावड्याची. भोकरदन तालुक्यात आमचं गाव, घरची शेती, गोठ्यात म्हशी. पंचक्रोशीत मला लोक ओळखतात ते ‘बिनदुधाचं करणारी बाई’ म्हणून. ज्यांच्या लेकरांना दूध चालत नाही अशा आया भोकरदनहून, जाफराबादहून माझ्याकडे येतात. मी त्यांना शेंगदाण्याचं दही लावून दाखवते, करडईच्या दुधातली खीर शिकवते, खव्याच्या जागी तीळ आणि खोबरं वाटून पेढे वळून देते. बचत गटाच्या बायकांनी एकदा माझा सत्कारही केला. शाल, नारळ, सगळं. ‘काकू, हे सुचलं कसं तुम्हाला?’ असं प्रत्येक जण विचारतं. मी म्हणते, पुतणीसाठी केलं, मायेनं केलं. आणि गंमत बघा — हे खोटं नाही. खोटं असतं तर एवढ्या सहज मला बोलता आलं असतं का?

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, ईश्वरी. आम्ही तिला इशू म्हणतो. तिची आई रेखा, माझी जाऊ, टेंभुर्णीची लेक. रेखा हसरी, बडबडी आणि विसरभोळी. गॅसवर भाजी ठेवून अंगणात गप्पा मारत बसणारी. तिला राग यायचा नाही, आणि तिच्यावर कुणाला फार वेळ रागावता यायचं नाही. मला यायचं. ते मी आत्ताच मान्य करते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळायला सोपं जाईल.

मला मूल नाही. उपचार झाले, नवस झाले, मग सगळं आपोआप थांबलं. घरात त्यावर कुणी टोचून बोललं नाही, सासूबाईसुद्धा नाहीत. पण इशूच्या बारशाला पाळण्याची दोरी मी धरली, तेव्हा एक म्हातारी हळूच म्हणाली होती, ‘धरू दे गं हिला दोरी, बिचारीला.’ बिचारी! मी त्या दिवशी दोरी अशी धरून बसले की रेखानं मागितली तरी लवकर सोडली नाही.

इशूला वरचं दूध सुरू केलं आणि पहिल्याच वाटीला तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं — हिला दुधाची ॲलर्जी आहे. दूध, दही, तूप, ताक, लोणी, खवा, पनीर, काही नाही. एक थेंबसुद्धा नाही. मोठेपणी कदाचित जाईल, कदाचित नाही. आमच्या घरात सकाळ धारेनं उजाडते, वरण तुपाशिवाय ताटात येत नाही, पाहुण्याला पाण्याआधी ताक. अशा घरात हे लेकरू वाढवायचं कसं?

रेखा रडत बसली. मी पदर खोचला.

खरं सांगते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता. आमच्या भागातल्या जुन्या बाया करडई भिजवून, वाटून, तिचं पांढरंशुभ्र दूध काढायच्या आणि त्यात गूळ घालून खीर करायच्या, ते मला आठवलं. तिथून सुरुवात केली. मग शेंगदाणे. रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, बारीक वाटायचे, फडक्यातून गाळायचे, ढवळत ढवळत उकळायचे. दूध तयार. पण दही? दह्याला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे पुन्हा दहीच. मग कुणीतरी सांगितलं, हिरव्या मिरच्यांची देठं टाकून बघा. टाकली. पहिल्यांदा नुसता चोथा आणि पाणी. दुसऱ्यांदा वास मारला. पण एक दिवस झाकण काढलं तर खाली मऊ, घट्ट, आंबूस असं काहीतरी लागलं होतं. मी इशूला बोट चाटवलं. तिनं मान पुढे केली, अजून मागितलं. मला भरून आलं. त्या दह्यातलंच थोडं बाजूला काढून दुसऱ्या दिवशीचं विरजण, असं ते चालू झालं. देठांची गरज संपली.

त्या दह्याची कढी झाली, त्या दह्यात भात कालवला. पुरणपोळीवर तुपाऐवजी घाण्याचं तेल. बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावरची बारीक अक्षरं मी वाचायला लागले. चहात मात्र यातलं कुठलंच दूध जमलं नाही, तो ती कोराच प्यायची. आणि जेवायला ती माझ्याचकडे यायची. मला ‘मोठी माय’ म्हणायची, आईला ‘मम्मी’. रेखा कौतुकानं सांगत सुटायची, “अक्काच्या हातचंच खाती ती. माझ्या हातचं काय गोड लागून न्हाई राह्यलं तिला!” तिला वाटायचं ती माझी स्तुती करतेय. मला वाटायचं ती हक्क सोडतेय.

आता इथून पुढे मी जरा थांबत थांबत लिहिणार आहे.

त्या वर्षी थंडी फार होती. शेंगदाण्याचं दही थंडीत रुसतं. घोंगडीत गुंडाळलं, ज्वारीच्या कणगीत पुरलं, तरी सकाळी पाणीच. आणि नेमके रेखाच्या माहेरचे पाहुणे येणार होते. रेखानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमच्या अक्का बिनदुधाचं दही लावतात, बघाच तुम्ही. मग मी काय केलं असेल? म्हशीच्या दह्याची एक कवडी घेतली आणि त्या दुधात सोडली. चमचाभर. विरजणापुरती. एवढ्यानं काय होतं, असं मनाशी म्हटलं. दही असं लागलं की सुरीनं कापावं. पाहुण्यांनी बोटं चाटली. इशूनं वाटीभर खाल्लं, आणि थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, ती खोकायला लागली.

भोकरदनला नेलं, इंजेक्शन दिलं, उतरलं. डॉक्टर म्हणाले, दूध पोटात गेलंय कुठून तरी. आणि हेही म्हणाले — यापुढे झालं तर याहून जास्त होऊ शकतं, श्वास बंद पडू शकतो. मी तिथेच उभी होते. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण मीही ते विसरलेले नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, काय दिलंत लेकराला? सगळ्यांनी रेखाकडे पाहिलं. तिनं सकाळी इशूला एक बिस्किट दिलं होतं, पुडा कुठला ते तिला आठवेना. “दिलं असंल मीच... वाचलं का न्हाई, आता ध्यानात न्हाई माझ्या,” ती म्हणाली. मी गप्प. दीर तिला सगळ्यांसमोर बोल बोल बोलला. मी गप्प. त्या दिवसापासून सासूबाईंनी फर्मान काढलं, इशूला खायला घालायचं ते फक्त थोरलीनं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. चूक झाली, घाबरले, बोलले नाही. एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. माणसाला चुकीची माफी असते. मी जे सांगायला बसले आहे ते याच्या पुढचं आहे.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला दिराला जालन्यात कारखान्यात नोकरी लागली. खोली बघून झाली. ठरलं असं की रेखानं इशूला घेऊन दिवाळीला टेंभुर्णीला जायचं, आणि तिथूनच तिघांनी जालन्याला बिऱ्हाड करायचं. शाळाही तिथलीच. हे मला कुणी विचारलं नाही, सांगितलं. रेखा तर फुलून गेली होती. माझ्याकडून सगळं शिकून घ्यायची तिची घाई — शेंगदाणे किती भिजवायचे, गाळायचं कशानं. “आता मीच करीन तिचं सगळं अक्का, तुम्हाला किती दिवस तरास देऊ?” असं म्हणाली. त्रास! मी हसले. मी तिला सगळं बरोबर शिकवलं. हो, बरोबरच शिकवलं. कपटी माणूस असं वागत नाही, असं तेव्हा स्वतःलाच सांगत होते.

इशूचे कपडे मी भरले. तिच्या फ्रॉकांना माझ्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती विचारत होती, मोठी माय, तू कधी येणार जालन्याला? आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं — ही गेली की या घरात मी पुन्हा कोण?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दीर त्या दोघींना घेऊन निघणार होता. रेखाच्या माहेरी गाय नुकतीच व्यायलेली, म्हणून तिच्या आईचा आग्रह, वसुबारसेला इकडेच या. त्यांच्या घरी वसुबारस कडक पाळतात. गाय-वासराची पूजा, आणि त्या दिवशी दूध, दही, तूप, ताक बायकांनी तोंडात घालायचं नाही. सगळं दूध वासराचं. घरात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. रेखाला त्याचंच फार अप्रूप होतं. म्हणाली, एक दिवस तरी असा की सगळं घर माझ्या लेकीसारखं जेवणार, तिला वेगळं ताट नको की काही नको. तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी डब्याला फडकं बांधत होते. इशूच्या दह्याचा स्टीलचा डबा.

त्या डब्यात काय होतं?

थंडी नव्हती. दही आपोआप लागलं असतं, लागलंच होतं. पाहुणे नव्हते, कौतुक नव्हतं, घाई नव्हती. दुपारची वेळ, स्वयंपाकघराचं दार सताड उघडं, सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मी म्हशीच्या दह्याचं गाडगं काढलं. या वेळी चमचा घेतला नाही. वाटी घेतली. वाटीभर दही त्या डब्यात ओतलं, ढवळून एक केलं, वरून शेंगदाण्याच्या दह्याचा थर सारखा केला, म्हणजे वास तोच येईल. हात थरथरले का माझे? नाही. मला वाईट वाटतं ते याचंच, की अजिबात थरथरले नाहीत.

मी काय विचार केला होता तेही सांगते. अंगावर गांधी उठतील, इंजेक्शन देतील, उतरेल. रेखाला लेकरू सांभाळता येत नाही हे सगळ्यांना पुन्हा दिसेल. पोरगी माघारी येईल. श्वासाचं ते वाक्य? होतं की डोक्यात. तेही होतं. मी ते बाजूला सारलं आणि डब्याची गाठ पक्की केली. इशू रिक्षात बसताना डबा मांडीवर घेऊन बसली होती, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

वसुबारसेच्या संध्याकाळी दिराचा फोन आला. “वहिनी, इशूला लई दम लागून राह्यलाय. ओठ काळे पडलेत. जालन्याला घेऊन निघालोत, जल्दी या तुम्ही.” पाठीमागून रेखाचा आवाज येत होता. त्याला रडणंही म्हणता येत नाही. तो आवाज मी नंतर एकदाच ऐकला, आमच्या गोठ्यात, म्हशीचं रेडकू मेलं तेव्हा.

इशू वाचली. हे मी लगेच सांगते, तुम्हाला टांगून ठेवायचा मला हक्क नाही. पण डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. मी काचेतून पाहिलं, तिच्या तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. आणि ऐका, त्याही घडीला मी देवाकडे दोन गोष्टी मागितल्या. ती वाचू दे. आणि डब्याचं कुणाच्या लक्षात न येऊ दे.

बाहेर सगळे डोकं खाजवत होते. आज घरात दुधाचा थेंब नव्हता, मग झालं कसं? काय खाल्लं? भाकरी, गवार, आणि मोठ्या मायनं दिलेलं दही — ते तर शेंगदाण्याचं, त्याचा काय संबंध! कुणी त्यावर क्षणभरही थांबलं नाही. मीच ठेवायला शिकवलेला विश्वास तो. मग रेखाच बोलली. भिंतीला टेकून बसली होती, केस सुटलेले. “मीच नेलं तिला वासराजवळ,” ती म्हणाली. “पूजा करताना. वासराच्या तोंडाला दूध होतं, फेस होता. तिनं त्याच्या तोंडाला तोंड लावलं असंल. आन् मी त्याच हातानं भरवलं तिला.” सासूबाईंनी कपाळाला हात मारला. दीर तिथून उठून गेला. आणि मी? मी तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, ‘होतं गं असं. तू काय मुद्दाम केलंस का?’

मुद्दाम. हा शब्द माझ्या तोंडातून तेव्हा निघाला.

दुसऱ्या दिवशी इशूचे कपडे आणायला मी टेंभुर्णीला गेले. खरं तर डब्यासाठी गेले. मोरीत तसाच पडला होता, तळाला दही वाळलेलं. मी राख घेऊन घासायला बसले. रेखाची आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या हो, आम्ही घासतो. किती करसाल पोरीसाठी?” मी म्हटलं, सवय आहे मला. घासून, धुऊन, पुसून पिशवीत टाकला. अंगणात गाय वासराला चाटत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

पुढचं सगळं मला हवं तसं झालं. इशू मोठी होईपर्यंत धावड्यालाच राहील, असं दिरानंच ठरवलं. रेखा एका शब्दानं भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, असं मी कधी कधी म्हणते. पण ते काही खरं नाही. ती भांडली नाही याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं. जालन्याच्या त्या खोलीत ती नवऱ्यासोबत राहायला गेली. सुट्टीला यायची, लेकीला लांबून बघायची, जवळ घेण्याआधी हात साबणानं पुन्हा पुन्हा धुवायची. धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघायची. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. मला आहे तेच सांभाळता आलं न्हाई, असं म्हणाली. तिचं हसणं कधी गेलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी लक्ष दिलं नव्हतं. मी इशूकडे बघत होते.

इशू आता भोकरदनला कॉलेजात जाते. ॲलर्जी गेलेली नाही. पिशवीत औषध असतं, डबा माझ्या हातचा. बाहेर कुणाकडचं पाणीसुद्धा पीत नाही. आणि आईच्या हातचं तर नाहीच. तिला ते कुणी शिकवलं नाही. म्हणजे, तसं बोलून शिकवलं नाही. ती लहानपणापासून ऐकत आली — तुझ्या आईनं तुला वासराजवळ नेलं होतं. सासूबाई सांगायच्या, शेजारणी सांगायच्या. मी कधी सांगितलं नाही. कधी खोडलंही नाही.

गेल्या महिन्यात रेखा आली होती. केस बरेच पांढरे झालेत तिचे, माझ्याहून लहान असून. येताना शेंगदाणे घेऊन आली, निवडून, सगळे सारखे. म्हणाली, अक्का, मला पुन्हा एकदा शिकवा, ध्यानात ऱ्हात न्हाई माझ्या. मी समोर बसले आणि तिनं सगळं केलं. गाळताना फडकं दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं. विरजण माझ्याकडून मागून घेतलं. सकाळी दही सुरेख लागलं होतं. तिनं ते वाटीत काढलं, वर जिऱ्याची पूड भुरभुरवली आणि इशूसमोर ठेवलं. स्वतः दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.

इशूनं वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वाईट मनाची पोर नाही ती. हळूच म्हणाली, “मम्मी, नको. मला भीती वाटती तुझ्या हातचं.”

रेखानं वाटी उचलली. डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट लेकीची समजूत काढल्यासारखी मान हलवत होती. “बराबर हाये तुझं. बिलकुल खाऊ नको,” म्हणाली. मग माझ्यासमोर आली, वाटी ओट्यावर ठेवली आणि वाकून माझ्या पाया पडली. “तुम्ही होत्या म्हून माझी लेक जित्ती हाये, अक्का.”

तिघीच होतो आम्ही घरात. दार उघडं होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी तिचे खांदे धरून तिला उठवलं, ‘असं करू नये गं,’ म्हणाले, आणि इशूला माझ्या भांड्यातलं दही वाढलं. ती जेवायला लागली. रेखा दारात उभी राहून तिला जेवताना बघत होती.